काकांचा बिनगाड्यांचा फ्रान्स

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवले ते फ्रान्सवर ताट ठेवून. जेवणाच्या टेबलावर फ्रान्सचे चार-पाच नकाशे कडेला कड लावून पसरलेले, त्यांवर जाड प्लॅस्टिक, आणि त्या प्लॅस्टिकवर आमची पानं मांडलेली. मी पहिला घास उचलणार तेवढ्यात काका म्हणाले, "ताट जरा डावीकडे सरकव गं, कालवा झाकला गेलाय." मी ताट सरकवलं. काकूंनी पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा तिथं जंगलावर ठेव. जंगलाला चालतं."

हे सांता क्लारामधलं, ऐंशीच्या दशकातलं. मी नुकतीच शिक्षण संपवून एका चिप बनवणाऱ्या कंपनीत लागले होते. काका त्याच खात्यात माझ्या वरच्या जागेवर होते. "अपार्टमेंट मिळेपर्यंत आमच्याकडे रहा, रूम रिकामीच आहे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आठवडाभरासाठी म्हणून गेले ती लग्न होईपर्यंत तिथंच राहिले. काका नागपूरचे, काकू सांगलीच्या, मी डोंबिवलीची. महाराष्ट्रात आमची एकमेकांशी गाठ पडायचं काही कारणच नव्हतं.

काका उंच, काटकुळे, आणि त्यांच्या पँटच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप. ऑफिसला ते सायकलनं जात, पण तिथं पोचल्यावर क्लिप काढायची असते हे त्यांना बहुधा कुणी सांगितलंच नव्हतं. मीटिंगला क्लिप, बँकेत क्लिप. एका सत्यनारायणाला त्यांनी धोतरालाही क्लिप लावलेली मी पाहिली आहे. भटजींनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि पुढचे अध्याय जरा भरभर उरकले.

आमचं काम होतं चिपमधल्या तारांचे नकाशे तपासायचं. भिंतीएवढ्या कागदावर ते छापून येत आणि आम्ही रंगीत पेन्सिली घेऊन त्यांच्यावर अक्षरशः पालथे पडून एकेक रेघ बघत असू. काकांनी मला शिकवलेला पहिला धडा असा, की लाल रेघ हिरवीवरून गेली की तिथं आपोआप एक स्विच तयार होतो. हवा असला तर ठीक, नको असला तर आख्खी चिप बाद. म्हणून काका कुठलीही रेघ दुसरीला ओलांडू देत नसत. लांबून फिरवून आणत. "वळसा चालेल, कटकट नको," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आमचा मॅनेजर त्यांच्या कामाकडे कौतुकानं बघायचा आणि म्हणायचा, "ब्यूटिफुल. बट युवर वायर्स गो टू सॅन होजे बाय वे ऑफ सॅक्रामेंटो." सॅन होजे आमच्या शेजारीच, सॅक्रामेंटो तिथून दोन तासांवर. काका शांतपणे म्हणत, "दे अराइव्ह, डोन्ट दे?"

फ्रान्सचं खूळ कुठून आलं हे मला काकूंनीच सांगितलं, भांडी घासता घासता.

सांगलीत काकू सायकलशिवाय कुठं जातच नसत. कॉलेजला सायकल, बाजाराला सायकल, मावशीकडे डबा पोचवायला सायकल. अमेरिकेत आल्याच्या पहिल्याच वर्षी काकांनी त्यांना लेडीज सायकल घेऊन दिली, आणि काकू एका दुपारी मोठ्या रस्त्यानं दूध आणायला निघाल्या. मागून आलेल्या ट्रकनं कानाशी भोंगा वाजवला, वाऱ्याचा झोत आला आणि काकू सायकलसकट कडेच्या हिरवळीवर. लागलं काहीच नाही. पण उठल्या त्या सायकल हातात धरून चालत घरी आल्या, ती गराजमध्ये भिंतीला टेकवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. मग गाडी शिकायला गेल्या, तर फ्रीवेवर चढलं की डोळे मिटून घेत. शेवटी शिकवणाऱ्यानंच हात टेकले.

"तिकडे मी गावभर हुंदडायची," काकू म्हणाल्या. "इथं मेलं एक लिंबू हवं असलं तरी यांच्या तोंडाकडे बघत बसायचं. अगं, माझे पायच काढून घेतल्यासारखं झालंय."

काकांनी त्यांना शब्द दिला होता, की जिथं गाडी येतच नाही अशा रस्त्यावर तुला एकदा बसवतो. एकदा भीती गेली की गेली. दुसऱ्या कुणी बायकोला जवळच्या पार्कात नेलं असतं. काकांनी फ्रान्सला न्यायचं ठरवलं. झालं होतं असं, की एका म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या गराज सेलमध्ये त्यांना फ्रान्सच्या नकाशांचं खोकं मिळालं. त्यांत लाल रेघ म्हणजे हमरस्ता, पिवळी म्हणजे त्याच्या खालचा, आणि पांढरी म्हणजे जिच्यावरून दिवसाकाठी एखादा ट्रॅक्टर गेला तर गेला. शिवाय निळे कालवे. कालव्याच्या कडेनं पूर्वी बोटी ओढणारे घोडे चालायचे, ती वाट अजून शाबूत होती आणि तिच्यावर गाड्यांना बंदी. चढ नाही, वळण नाही, भोंगा नाही. काका ते खोकं घेऊन घरी आले आणि हिरवी पेन्सिल काढून बसले ते पाच वर्षं बसले होते. नियम एकच, हिरव्या रेघेनं लाल रेघ ओलांडायची नाही.

शनिवारी कुणाकडे पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचं जेवण, असलं की बाकीचे पुरुष घरांच्या किमती आणि ग्रीन कार्ड यांवर बोलत. काका नकाशाची घडी घेऊन येत. ओसेर नावाच्या गावाहून निघालं की पहिल्या दिवशी कुठं सावली आहे, कुठं नळ आहे, कुठल्या पुलाखालून वाट जाते, सगळं तोंडपाठ. एकदा एका डॉक्टरांनी भाबडेपणानं विचारलं, "तुम्ही कितीदा जाऊन आलात?"

"एकदाही नाही."

"मग एवढं कसं माहीत?"

"जाऊन आलो असतो तर एवढं माहीत नसतं झालं," काका म्हणाले. "लोक जातात आणि दोन-तीन गावं बघून येतात. मी सगळा विभाग बघितलाय."

डॉक्टर भजी आणायला म्हणून उठले ते परत आले नाहीत. काकांची लेक तेव्हा हायस्कूलमध्ये होती. ती स्वैपाकघरात येऊन, घरात कुणाला ताप चढल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणे, "आई, डॅड इज डुइंग फ्रान्स अगेन." काकू म्हणत, "असू दे. यांच्या फ्रान्सात माणसं नाहीत, दुकानं नाहीत, नुसते रस्ते आणि आम्ही दोघं. लग्नानंतरसुद्धा एवढा एकांत मिळाला नव्हता."

फ्रेंच शिकायला काकांनी लायब्ररीतून कॅसेटी आणल्या. त्यांत त्यांनी एकच वाक्य घोटून पाठ केलं, 'या रस्त्यावर फार गाड्या असतात का?' ते वाक्य ते अगदी झोकात म्हणत. कुणी उत्तर दिलं तर ते कळायची मात्र काही सोय नव्हती. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "चेहऱ्यावरून कळेल गं, इंजिनिअरीणबाई." मला ते तेव्हापासून इंजिनिअरीणबाई म्हणत.

मग रंगीत तालमी सुरू झाल्या. रविवारी सकाळी आमच्या कंपनीचं पार्किंग ओस पडलेलं असे. तिथं काकांनी खडूनं लांबच लांब कालवा काढला, दोन्ही काठ, मध्ये बोटी वरखाली करायची पाण्याची दारं. त्या दारांवरची राखणदारीण म्हणून मला उभं केलं होतं. काकू आल्या की मी "बोंझूर मादाम" म्हणायचं. पहिले कितीतरी रविवार काकू सायकल नुसती हातात धरून चालत यायच्या आणि मला म्हणायच्या, "बोंझूर, पाय दुखले, चहा आणलास का?" सलवार-कमीज, कपाळाला टिकली, वर हेल्मेट, आणि मागून कॅरिअर धरून अर्धवट धावणारे काका. मी हसून हसून खडूच्या पाण्यात बसायची.

आणि एका रविवारी त्या बसल्या. बसल्या त्या पॅडल मारत निघाल्याच. शरीर काही विसरलं नव्हतं. कालव्याच्या टोकापर्यंत जाऊन, एका हातानं ओढणी सावरत, झोकात वळण घेऊन परत आल्या आणि मला बोंझूर म्हणायलाही थांबल्या नाहीत. त्या क्षणी त्यांचं सांगलीतलं वय मला स्पष्ट दिसलं. काका टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला वॉचमनची छोटी गाडी आत आली, बैलगाडीच्या चालीनं. काकूंनी सायकल टाकून दिली आणि दिव्याचा खांब दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. वॉचमननं लांबूनच हात हलवला आणि गेला.

काकू फुटपाथच्या कडेवर बसल्या. "माझ्याच्यानं नाही व्हायचं हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या फ्रान्सात जाऊनही नाही व्हायचं. उगीच माझ्यापायी एवढा खटाटोप करू नका."

काका त्यांच्या शेजारी बसले. "तिथं गाडीच नाही येणार."

"आणि आली तर?"

"मी एकेक रेघ तपासलीये गं. नाही येणार."

चेष्टा करायची मला सवय. त्या वेळी मात्र मी बोटानं खडूचा काठ पुसत राहिले.

त्या संध्याकाळी काकांनी प्लॅस्टिक काढून सगळा मार्ग पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतला. काकू वाढत होत्या. त्यांचं लक्ष बहुधा अजून त्या खांबापाशी असावं. डाव कलंडला आणि चिंचगुळाची आमटी थेट कालव्यावर पडली. मी पेपर टॉवेल घेऊन धावले, पण हळद ती हळदच. तिथले पांढरे रस्ते कायमचे पिवळे झाले आणि कालवा दिसेनासा झाला.

"दुसरा नकाशा मागवू या ना," मी म्हटलं.

"याच्यावर माझं सगळं चेकिंग झालंय," काका म्हणाले. "नवीन शीट आणली की पुन्हा पहिल्यापासून." आणि आमच्या धंद्यात करतात तेच त्यांनी केलं. बिघडलेली जागा तशीच सोडली आणि हिरवी रेघ तिच्या बाजूनं वळवून पुढे नेली. डागाखाली काय असेल याचा विचार त्यांनीही केला नाही आणि मीही केला नाही. आम्ही दोघंही त्या कामाचा पगार घेत होतो.

सप्टेंबरात ते निघाले. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या काकांनी जुन्या तंबूच्या कापडातून स्वतः शिवल्या होत्या. काकूंनी त्यांत दशम्या, मेतकूट आणि लिंबाचं गोड लोणचं भरलं. लेकीला माझ्या ताब्यात दिलं. विमानतळावर काकूंचा चेहरा ऑपरेशनला निघाल्यासारखा होता. लेकीनं त्यांना मिठी मारली आणि म्हणाली, "आई, यू कॅन ऑल्वेज जस्ट वॉक."

तीन आठवड्यांनी दोघं परत आली ती रापून, आणि काय झालं ते काही केल्या सांगेनात. "स्लाइड्स येऊ देत," काका म्हणत.

स्लाइड्स आल्या आणि काकांनी तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांना घरी बोलावलं. दिवाणखान्यात चादर टांगली, दिवे घालवले, प्रोजेक्टर घरघरू लागला. पहिल्या स्लाइडवर रस्ता होता. दुसरीवर रस्ता. तिसरीवर डावीकडे हिरवट पाणी, उजवीकडे उंच झाडं, मध्ये रस्ता.

"हा रस्ता," काका म्हणाले. "आणि हाही रस्ता, पण दुपारचा."

"आयफेल टॉवर कधी येणार?" तेच ते डॉक्टर अंधारातून म्हणाले.

"तिकडे गेलो नाही. फार ट्रॅफिक."

लोक चुळबुळायला लागले होते, मी मात्र नीट बघत होते. प्रत्येक रस्त्यावर काकूंची पाठ होती. पहिल्या काही स्लाइड्समध्ये एक पाय जमिनीला टेकलेला. पुढच्यांत दोन्ही पाय पॅडलवर. आणि मग ती पाठ लहान लहान होत चालली, म्हणजे काकू पुढे जात होत्या आणि काका मागे पडत होते. एका स्लाइडमध्ये तर त्या झाडांच्या टोकाशी ठिपक्याएवढ्या होत्या आणि ओढणी वाऱ्यावर उडत होती. मला इतका आनंद झाला की मी शेजारी बसलेल्या लेकीचा हात दाबला. "ओके, दॅट्स कूल," ती हळूच म्हणाली.

मग एक दगडी पाटी आली, आणि पुढची स्लाइड एकदम वेगळ्याच ठिकाणची.

"मधलं काय झालं?" कुणीतरी विचारलं.

काका घसा खाकरून म्हणाले, "इथं आम्ही आमटीमुळे उजवीकडे वळलो."

कुणाला काही कळलं नाही. तेव्हा मागून काकूंचा आवाज आला. "थांबा, हे मी सांगते."

त्या सांगत गेल्या. आमटीचा डाग टाळायला घेतलेला पांढरा रस्ता सकाळभर छान चालला आणि दुपारी एका लाल हमरस्त्यावर येऊन थांबला; त्या रस्त्याची रेघ डागाच्या कडेखालीच गडप झाली होती. त्यावरून लाकडाच्या ओंडक्यांचे ट्रक धडधडत होते. पलीकडे झाडांमधून कालवा दिसत होता. काकांनी नकाशा काढला, दगडावर बसले आणि त्या पिवळ्या डागाकडे बघत राहिले.

"मला म्हणाले, मागे फिरू. सकाळपासून आलो तेवढं सगळं मागे जाऊ. पाच वर्षं डोळे फोडून एवढं केलं आणि माणूस शेवटी आमटीनं हरला. बरं, आमटीही माझीच."

"मग?"

"मग काय. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, सायकलवर बसले आणि गेले पलीकडे. तिथनं यांना हाक मारली, या म्हटलं."

"भीती नाही वाटली, काकू?" मी विचारलं.

"वाटली की. पण यांना माझ्याहून जास्त वाटत होती. दोघांनी एकदम घाबरून कसं चालेल? घरात एकानं तरी शुद्धीवर राहावं लागतं." सगळे हसले. काकू पुढे म्हणाल्या, "आणि पलीकडे जाऊन बघते तर काय, कालव्याची वाट त्याच रस्त्याच्या पुलाखालून निवांत आलेली. डागाखाली पूल होता."

"त्याचा फोटो नाहीये," काका अंधारात म्हणाले. "कॅमेरा माझ्याजवळ होता, आणि मी अलीकडे होतो."

यानंतरच्या एका शनिवारी सकाळी मी आणि काकू पोहे करत होतो. काकूंनी फ्रिज उघडला, बंद केला. "कोथिंबीर संपलीय. गॅस बारीक कर, आलेच मी," म्हणाल्या आणि गराजचं दार वर गेल्याचा आवाज आला. मला वाटलं कचरा टाकायला गेल्या असतील.

काका दाढी करता करता बाहेर आले. एका गालावर फेस. "ही कुठंय?"

"कोथिंबीर आणायला गेल्या वाटतं."

"कुणाबरोबर?"

आम्ही दोघांनी एकदमच गराजमध्ये डोकावून बघितलं. भिंतीजवळची जागा रिकामी होती. काकांनी किल्ल्या उचलल्या, मी गॅस बंद केला, आणि स्लिपर घातलेले, अर्ध्या गालावर फेस असलेले काका गाडी काढून निघाले, शेजारी मी. मोठ्या रस्त्याला लागलो तशा काकू दिसल्या. सहा लेनचा तो रस्ता, शनिवारची गर्दी, आणि अगदी उजव्या कडेनं, पाठ ताठ ठेवून, सांगलीच्या बाजाराला निघाल्यासारख्या काकू चाललेल्या. काकांनी गाडी त्यांच्या मागं लावली, धोक्याचे दिवे चालू केले आणि सायकलच्या वेगानं चालवायला लागले.

आमच्या मागे एक गाडी थांबली. मग तिच्या मागे दुसरी. मग व्हॅन, मग ट्रक. कुणीतरी हॉर्न वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवला. मी म्हटलं, "काका, जाऊ दे ना त्यांना."

"तू मागे बघू नकोस," काका म्हणाले. "पुढे बघ. तिच्याकडे लक्ष ठेव."

काकूंनी मागं वळून पाहिलं, सायकल कडेला घेतली, एक पाय टेकला आणि चालत आमच्या खिडकीपाशी आल्या. आधी काकांच्या गालावरच्या फेसाकडे बघितलं. मग मागच्या रांगेकडे.

"अहो," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "घरी जा. या रस्त्यावर आत्ता जेवढं ट्रॅफिक आहे ना, ते सगळं तुम्ही आणलेलं आहे."

काकांनी आरशात बघितलं. गाडी कडेला घेतली. मागच्या गाड्या एकेक करून आमच्याकडे रागानं बघत निघून गेल्या, आणि शेवटचा ट्रक गेल्यावर काकू पुन्हा सायकलवर बसलेल्या दिसल्या. पुढच्या सिग्नलपाशी त्यांनी मागे बघून डावा हात सरळ लांब केला, लेनमागून लेन ओलांडत मधोमध गेल्या, हिरव्या बाणाची वाट बघत गाड्यांच्या बरोबरीनं उभ्या राहिल्या, आणि बाण लागल्यावर वळून दिसेनाशा झाल्या.

काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बघत होते. गालावरचा फेस वाळत चालला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते हसत होते.

"डावीकडे वळली गं," ते म्हणाले. "सगळ्या लेन ओलांडून. एवढी वर्षं सायकलनं जातोय मी, पण मी तिथनं कधी वळलेलो नाही."